डाव्या पायाचा अंगठा

स्प्रिंग सिटी, युटा
सोमवार, १० एप्रिल २०२३

ती. व्हर्ला आत्यास,
लोविनाचा सा. न. आणि फार घाईने वि. वि.

शनिवारच्या पत्रात मी लिहिलं होतं, की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या धाकट्या हेबरच्या उजव्या पायाचा अंगठा पाण्याबाहेर राहिला. ते चूक आहे. अंगठा डाव्या पायाचा होता. पत्र पेटीत टाकून मी घरी आले, मोजे काढले आणि स्वतःच्या पायांकडे बघताना माझ्या लक्षात आलं. तोवर टपालाची गाडी गेली होती. कृपा करून त्या पत्रातल्या उजव्यावर काट मार आणि डावा लिही. पेन्सिलीने नको, पेनाने.

तू म्हणशील, अंगठा तो अंगठा, कुठल्या का पायाचा असेना. पण हीच चूक मी चर्चमध्येही केली होती, आणि तिने काय काय झालं ते त्या घाईच्या पत्रात आलंच नाही. पहिल्यापासून सांगते.

बाबांच्या खांद्याला मेंढ्याने धडक दिली ते तुला ठाऊक आहेच. (मेंढा मजेत आहे.) त्यामुळे त्यांच्याऐवजी हेबरला पाण्यात कोण उतरवणार असा प्रश्न आला, आणि हेबरने आधीच ठरवून ठेवल्यासारखं सोरेन टटलचं नाव घेतलं. मागच्या उन्हाळ्यात तलावावर सोरेननेच त्याची पाण्याची भीती घालवली होती. आठ वर्षांचा झालाय, पण आंघोळीच्या टबाकडे अजून संशयाने बघतो. आई म्हणाली, सोरेन तर सोरेन, पोरगा पाण्यात उतरतोय हेच खूप. माझ्याकडे बघून हसली तेवढं नसतं केलं तरी चाललं असतं.

साक्षीदार दोघे होतो, ब्रदर क्रेसन आणि मी. बायकांना साक्षीदार होता येतं त्याला आता काही वर्षं झाली, पण माझी पहिलीच वेळ. मी रात्रभर तयारी केली. आई म्हणाली, अगं, तयारी कसली करतेस, नुसतं बघायचंय. पण नुसतं बघायचं असतं तर साक्षीदार कशाला ठेवले असते? माणूस अख्खा पाण्याखाली गेला पाहिजे. एक केस वर राहिला तरी पुन्हा.

चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या हौदाच्या काचेपुढे लहान मुलांनी एवढी गर्दी केली, की मला पाणी दिसेना. म्हणून मी वरच्या तिरक्या आरशात बघत होते. सोरेनने हात वर करून प्रार्थना म्हटली, एक शब्द इकडचा तिकडे नाही, आणि हेबरला अलगद मागे झोपवलं. हेबर खाली गेला. आणि त्याचा अंगठा वर आला, आत्या, हंस मान वर काढतो तसा. ब्रदर क्रेसननी मान हलवून होकार दिला. त्यांच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणाले, पुन्हा. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, पण बाकी सगळ्यांना आला. सोरेनने विचारलं, कुठला पाय? मी म्हणाले, उजवा. त्याने आपला पाय हेबरच्या उजव्या पायावर हलकेच दाबून ठेवला, प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हटली, आणि अंगठा पुन्हा वर. मी पुन्हा म्हणाले, उजवा. सोरेन म्हणाला, अगं बाई, उजव्यावर तर मी उभा आहे. तेव्हा हेबरनेच डावा पाय पाण्याबाहेर काढला, अंगठा हलवून दाखवला आणि ओरडला, की हा आहे, हा! मागच्या बाकांवरच्या बायका रुमालात तोंड घालून हसत होत्या. बिशपसुद्धा बुटांकडे बघत हसले.

तिसऱ्या वेळी सोरेनने दोन्ही पाय दाबले आणि हेबर धोंड्यासारखा तळाला गेला. वर आल्यावर म्हणाला, चौथ्यांदा जाऊ का?

म्हणजे मी साक्षीदार म्हणून उभी राहिले आणि खोटी साक्ष दिली, तीही एकदा नाही, दोनदा. बाप्तिस्म्यात. ईस्टरच्या आदल्या दिवशी.

काल ईस्टर. पहाटे नेहमीप्रमाणे सगळे गरम कोको घेऊन कबरस्तानात गेलो. शुक्रवारी पडलेला बर्फ होताच. बाबांनी एका हाताने आजोबांच्या दगडावरचा बर्फ झाडला आणि सूर्य वर आला तसे सगळे जण पूर्वेकडे तोंड करून मोठ्याने म्हणालो, उठा, सकाळ झाली! लमार आतोबांच्या दगडावरचा बर्फ मी काढला. शेजारी तुझं नाव कोरलंय तेही पुसलं. आई म्हणाली, व्हर्लाला सांग, जागा कोरडी आहे.

मग रिकामे पाव. कणकेत गोड पांढरी मार्शमॅलो गुंडाळून भाजायची, ती आत विरघळते आणि पाव फोडला की आतली कबर रिकामी. यंदा मी दर वेळेपेक्षा घट्ट चिमटे काढले, तरी चार पाव फुटले आणि सगळा गोड चिकटा ट्रेवर आला. बाबा म्हणाले, यांच्या कबरीचा धोंडा जरा लवकरच सरकला. अंड्यांचा शोध तर फसलाच. बर्फात रंगीत अंडी लपतात कुठे? म्हणून बाबांनी पांढरीच अंडी बर्फात पुरली, आणि मग कुठे पुरली ते त्यांनाच आठवेना. एक अजून सापडलेलं नाही. मला त्याची काळजी लागून राहिलीय.

सोरेन जेवायला आला होता. हॅम, चीजमधले बटाटे (आपण प्रत्येक मयताला करतो तेच, आई म्हणते, ज्याचं मरण साजरं केलं त्याचं उठणंही त्याच बटाट्यांनी साजरं करावं), गाजर घातलेली हिरवी जेली. त्याने जेली दोनदा घेतली. आत्या, ती जेली कुणी दोनदा घेत नाही.

ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी त्याने मला लग्नाचं विचारलं ते तुला लिहिलंच होतं. मी म्हणाले होते, ईस्टर झाला की सांगते. ईस्टर झाला. तो नुसता वाट बघतोय आणि जेली खातोय. मेच्या एक तारखेला तो उन्हाळाभर टेक्सासला जाईल, दारोदार वाळवीचं औषध विकायला. त्याआधी सांगायला हवं.

मला वाटतं, मी नाही म्हणावं. मी अशी आहे, आत्या. मला सगळीकडे अंगठे दिसतात, आणि ते चुकीचे असतात. दुसऱ्यांची लग्नं निदान मरेपर्यंत असतात. आपल्या मंदिरात लागलेलं लग्न मरणानंतरही सुटत नाही. बिचाऱ्याला अनंतकाळ माझ्याबरोबर काढावा लागेल. कुणीतरी त्याला वाचवायला हवं.

लगेच लिही. लोभ आहेच, उतू जाऊ दे पण आटू देऊ नकोस.

तुझी,
लोविना

⁂

स्नोफ्लेक, ॲरिझोना
शुक्रवार, १४ एप्रिल

चि. लोविनास,
आत्याचे अ. आ., एका डोळ्यात हसून आलेल्या पाण्यासह.

दोन्ही पत्रं पोचली. तुझ्या सांगण्याप्रमाणे उजव्यावर काट मारली आणि पेनाने डावा लिहिला. मग पत्र घेऊन शेजारच्या रोएनाकडे गेले आणि तिला वाचून दाखवलं. ती खुर्चीतून घसरता घसरता राहिली. रागावू नकोस. असं पत्र एकटीने वाचणं हे पाप आहे.

आता नीट ऐक. मी फोनवर हे सांगितलं असतं, पण फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी स्वतःच तयार करते, म्हणून लिहितेय.

उजव्या-डाव्याचा घोळ तुझा नाही, तुझ्या आईचा आहे. तू पाच वर्षांची असताना मी तुमच्याकडे राहायला आले होते. आर्डिथ तुला स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवायची. ती समोर बसायची, आपला उजवा हात वर करायची आणि म्हणायची, हा उजवा, आता तू कर. तू तिच्यासमोरचा हात वर करायचीस, म्हणजे तुझा डावा. ती म्हणायची, शाबास! मी तेव्हाच म्हटलं होतं, अगं, पोरीच्या शेजारी बसून शिकव. तर म्हणाली, वन्सं, शाळा माझी आहे. तिला हे दाखव. मी सही करून देते.

तुझं शिक्षणच आरशात झालंय, त्यावर पुन्हा आरशात बघून साक्ष दिलीस. देव एवढं समजून घेईल.

आता त्या दुसऱ्या गोष्टीचं. लमारने मला विचारलं तेव्हा मीही अनंतकाळाचा विचार केला होता आणि घाबरले होते. तुझे आतोबा जेवताना गुणगुणायचे, बाळ. सूपसुद्धा गुणगुणत प्यायचे. मी म्हटलं, हे युगानुयुगं ऐकायचं? पण अनंतकाळ असा एकदम अंगावर येत नाही. तो मंगळवार, बुधवार करत येतो. प्रत्येक मंगळवारी मला वाटायचं, एवढा एक काढते. आता या घरात सूप गार होतं आणि कुणी गुणगुणत नाही, आणि माझी जागा कोरडी आहे हे तुझ्या आईने कळवलं त्याचा मला मनापासून आनंद झाला.

पण मी तुला हो म्हण असं सांगणार नाही, नाही म्हण असंही नाही. तू साक्षीदार आहेस ना? मग साक्ष दे. अंगठा सोड. त्या मुलाचा चेहरा तिन्ही वेळा कसा होता ते मला लिही. जे दिसलं तेवढंच, आणि तुला काय वाटलं ते नको. तुझ्या पत्रात अंगठ्यावर एवढा मजकूर आहे आणि ज्याच्याशी लग्न करायचं की नाही म्हणतेस त्याच्या चेहऱ्यावर एक ओळ नाही.

अंडं सापडलं की कळव. सापडलं नाही तर वासावरून कळेलच.

जेली दोनदा घेणाऱ्याला माझा नमस्कार सांग.

लोभ होता, आहे, आणि आपल्या रीतीप्रमाणे मेल्यावरही राहील, त्यातून तुझी सुटका नाही.

तुझी आत्या,
व्हर्ला

⁂

स्प्रिंग सिटी
बुधवार, १९ एप्रिल

ती. व्हर्ला आत्यास,
लोविनाचा सा. न. आणि यावेळी सावकाश वि. वि.

तुझं पत्र आईला दाखवलं. तिने ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग म्हणाली, वन्संना म्हणावं, याच शाळेत शिकून पोरीला कॉलेजात बक्षीस मिळालं. पण संध्याकाळी मी बटाटे सोलत होते तेव्हा ती मुद्दाम माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि आपला उजवा हात वर केला. मी माझा वर केला. बरोबर आला. दोघी एवढ्या हसलो, की बाबा खांदा धरून बघायला आले.

हेबर मजेत आहे. सगळ्यांना सांगत फिरतो, की मी तिप्पट धुतलेला आहे, माझ्याएवढा स्वच्छ माणूस अख्ख्या खोऱ्यात नाही. काल त्याने आपल्या त्या चिडक्या लाल कोंबडीवर खडे मारले. आई रागावली तर म्हणाला, दोन वेळचं धुतलेलं अजून शिल्लक आहे. त्याला जवळ घेऊन बाबांनी नीट समजावलं, पण मध्येच स्वतःच हसले, त्यामुळे कितपत पोचलं कोण जाणे.

टबात मात्र तो आता उडी मारूनच शिरतो.

आता साक्ष. मी दोन दिवस आठवत होते. जे दिसलं तेवढंच लिहिते.

पहिल्या वेळी मी पुन्हा म्हणाले तेव्हा सोरेनने ब्रदर क्रेसनकडे बघितलं नाही. त्यांनी तर होकार दिला होता, त्याला तिथेच थांबता आलं असतं. त्याने माझ्याकडे बघितलं, कपाळावरचं पाणी पुसलं आणि कुठला पाय ते विचारलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं, आठीही नव्हती. किती वाजले विचारावं तसं विचारलं.

दुसऱ्या वेळी उजव्यावर तर मी उभा आहे असं म्हणाला तेव्हा तो हसला. पण ज्या बायका हसत होत्या त्यांच्याकडे बघून नाही. हेबरकडे बघून. हेबर कुडकुडत होता आणि रडायच्या बेतात होता, हे मी तुला मागे लिहिलं नाही कारण तेव्हा मी पायांकडेच बघत होते. सोरेन त्याच्या कानात काहीतरी बोलला. त्यानंतर हेबरने पाय वर काढून दाखवला. काय बोलला ते मी परवा हेबरला विचारलं. तो म्हणाला, की सोरेन म्हणाला, चूक माझी आहे मित्रा, मी तुला तरंगायला फार चांगलं शिकवलं.

तिसऱ्या वेळी त्याने बुडवायच्या आधी थांबून माझ्याकडे बघितलं, आणि काचेपुढच्या मुलांना म्हणाला, पिल्लांनो, जरा बाजूला सरका, तिला दिसू द्या. मुलं सरकली. मला पाणी सरळ दिसलं. मग त्याने प्रार्थना म्हटली, पहिल्या वेळेइतकीच सावकाश. मला वाटलं होतं आता तो भरभर म्हणेल. नाही म्हटली भरभर.

एवढंच दिसलं. लिहून झाल्यावर मी ते वाचलं आणि मग बाहेर जाऊन खुराड्यापाशी बराच वेळ उभी राहिले.

एक अडचण आहे. येत्या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी त्याच्या भाचीचा, इडाचा बाप्तिस्मा आहे. पुन्हा सोरेनच उतरणार. आणि इडाने साक्षीदार म्हणून माझं नाव सांगितलंय. मी बिशपना म्हणाले, मला नको, मी मागे काय केलं ते तुम्ही पाहिलंत. ते म्हणाले, सिस्टर ऑलरेड, त्या पोरीला तूच हवी आहेस. ती म्हणते, लोविना असली की नीट होतं.

मी अजून हो म्हटलेलं नाही. कुणालाच.

लोभ राहू दे. इथे बर्फ वितळतोय, तेवढा एक नको वितळू दे.

तुझी,
लोविना

⁂

स्नोफ्लेक
रविवार, २३ एप्रिल

चि. लोविनास,
अ. आ., आणि आज फक्त एवढंच, कारण चर्चहून आलेय आणि पाय दुखताहेत.

साक्ष पोचली. रोएनालाही वाचून दाखवली. यावेळी ती खुर्चीतून घसरली नाही, चष्मा पुसत बसली.

तू लिहिलंस, की मला सगळीकडे अंगठे दिसतात, बिचाऱ्याला कुणीतरी वाचवायला हवं. तुझ्याच हातचं उलट लिहिते, बघ. एक माणूस तुझ्या एका शब्दावर तीनदा थंड पाण्यात उभा राहिला. दोनदा तुझा शब्द चुकीचा होता, तरी तिसऱ्या वेळी त्याने दुसऱ्याला नाही विचारलं. तुला दिसावं म्हणून पोरं बाजूला केली.

हा मी निकाल देत नाहीये. मी नुसती पेनाने काट मारून दुरुस्ती करतेय. बाकी तुझं तू बघ, पण आरशात नको.

पाणी गरम केलंय का ते आधी विचार. आमच्या वेळी कुणी विचारायचं नाही.

लोभ आहे म्हणून तर एवढं बोलते.

आत्या

⁂

स्प्रिंग सिटी
बुधवार, २६ एप्रिल

ती. व्हर्ला आत्यास,
लोविनाचा सा. न. आणि दोनदा तपासून वि. वि.

अंडं सापडलं! बर्फ गेला आणि ते बाबांच्याच जुन्या बुटात निघालं, ओट्यावर. बाबा म्हणाले, मी म्हटलं नव्हतं, की सुरक्षित जागी आहे? आईने बूट काठीने उचलून शेताच्या टोकाला नेला. ईस्टर आता खरा संपला.

मी बिशपना हो कळवलंय. काल संध्याकाळी एकटी चर्चमध्ये गेले आणि रिकाम्या हौदापाशी सगळीकडून उभी राहून पाहिलं. डाव्या हाताला (माझ्या डाव्या, दोनदा खात्री केली) एक पायरी आहे, तिथून पाणी सरळ दिसतं. आरसा तिथून दिसतच नाही. मी तिथे उभी राहणार. मुलांसाठी पुढे गाद्या टाकायला सांगितल्यात, म्हणजे ती बसतील. पाणी गरम असेल, हेही विचारलं. तेवढ्यात तिथे झाडू मारणारे ब्रदर क्रेसन भेटले. ते म्हणाले, यावेळी दोघांपुरतं तूच बघ, मी शोभेला आहे.

इडाचा पाय वर आला तर मी पुन्हा म्हणेन. पाचदा आला तर पाचदा. आणि आला नाही तर सोरेन नेहमीप्रमाणे साक्षीदारांकडे वळून बघेल, तेव्हा मी मान हलवीन. पण मान हलवणं हे इडाबद्दलचं उत्तर आहे, त्याच्या प्रश्नाचं नाही, आणि यात पुढे घोळ व्हायला नको. म्हणून तो ओल्या कपड्यांनी पायऱ्या चढून वर येईल तेव्हा टॉवेल मी देणार आहे. त्याच्या आईला तसं सांगून ठेवलंय. तिने का म्हणून विचारलं नाही, नुसता मला एक मोठा टॉवेल आणून दिला आणि मिठी मारली, त्यामुळे निदान एकीला तरी आधीच कळलंय असं धरून चालते.

टॉवेल देताना मी तोंडाने हो म्हणेन. मोठ्याने, सरळ, त्याच्याकडे बघून. सांगण्याआधी मी त्याला विचारणार आहे, की तू अजून तेच विचारतोयस ना? हे विचारणं मला आवश्यक वाटतं. आई म्हणते, बयो, एवढं तरी नको विचारूस. पण मी विचारणार. तो हसला तर हसला.

आतोबांसारखा तो गुणगुणत नाही, मी जेवताना लक्ष देऊन ऐकलं. चमचा मात्र ताटावर वाजवतो. एवढा एक मंगळवार काढीन म्हणते.

लोभ असाच ठेव आणि थोडा त्याच्यासाठीही काढून ठेव.

तुझी,
लोविना

ता. क. : घाईत एक गोष्ट राहिली, आणि पुन्हा दुरुस्तीचं पत्र पाठवायची वेळ येऊ नये म्हणून कॅलेंडर समोर धरून लिहितेय. सकाळी दहाला, टॉवेलसकट, शनिवार, २९ एप्रिल.